कोरी पूड नको, ट्यूबमधला चारकोल तपासा: त्वचानिगा उत्पादकांना खुले पत्र

प्रति,
त्वचानिगेची उत्पादने तयार करणाऱ्या कंपन्या, त्यांची सूत्रे ठरवणारे रसायनतज्ज्ञ आणि त्यांच्या जाहिरातींचा मजकूर लिहिणारे सर्वजण

विषय: ॲक्टिव्हेटेड चारकोलविषयीचे दावे तयार उत्पादनावर तपासण्याबाबत

महोदय, महोदया,

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. ॲक्टिव्हेटेड चारकोल हा माझ्या अभ्यासक्रमातला छोटा, पण मला अतिशय आवडणारा भाग आहे. गेल्या काही वर्षांत तोच पदार्थ आपल्या फेसवॉशवर, साबणावर, स्क्रबवर आणि पील-ऑफ मास्कवर ठळक अक्षरांत झळकू लागला आणि त्याच्याबरोबर काही वाक्येही रूढ झाली: चारकोल त्वचेतली विषारी द्रव्ये खेचून काढतो, रंध्रे खोलवर स्वच्छ करतो, प्रदूषण शोषून घेतो. या पत्रातून मला आपल्याकडे एकच गोष्ट मागायची आहे. चारकोलच्या नावावर आपण जे दावे करता, ते कोऱ्या कोरड्या पुडीच्या गुणांवरून न करता ग्राहकाच्या हातात पडणाऱ्या तयार उत्पादनावर तपासा आणि निकाल जो येईल तो जाहीर करा. ही मागणी करण्याची वेळ का यावी, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण माझा आक्षेप चारकोलवर नाही.

चारकोलचे सामर्थ्य खरे आहे आणि ते मिळवायला कष्ट पडतात. नारळाची करवंटी, लाकूड किंवा दगडी कोळसा असा कार्बनयुक्त माल आधी हवेशिवाय तापवून त्याचा कोळसा करतात. मग ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. या दुसऱ्या टप्प्यात कोळशाच्या आत असंख्य पोकळ्या कोरल्या जातात आणि एका ग्रॅमला ५०० ते १५०० चौरस मीटर इतका पृष्ठभाग तयार होतो. पोकळ्यांच्या भिंतींवर इतर पदार्थांचे रेणू चिकटून राहतात. यालाच अधिशोषण म्हणतात. सेंट पीटर्सबर्गमध्ये औषधे बनवणाऱ्या तोबियास लोवित्झ यांनी १७८५ मध्ये कोळशाने द्रावणाचा रंग उडतो हे दाखवले, आणि पुढे साखर शुद्ध करण्यापासून पाणी गाळण्यापर्यंत हा गुण कामी आला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचे हल्ले सुरू झाल्यावर रशियन रसायनतज्ज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी १९१५ मध्ये याच कोळशाचा मुखवटा तयार केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत विषबाधेवरील उपाय म्हणून ॲक्टिव्हेटेड चारकोलला आजही स्थान आहे. एवढी प्रतिष्ठा फार थोड्या पदार्थांच्या वाट्याला येते, आणि म्हणूनच ती कोणी उसनी घेऊन वापरली की मला स्वस्थ बसवत नाही.

विषबाधेत चारकोल कसा देतात ते जवळून पाहिले, की त्याच्या सामर्थ्याला किती अटी आहेत हे कळते. प्रौढ माणसाला साधारण ५० ग्रॅम पूड पाण्यात कालवून देतात. ते दाट, कुळकुळीत काळे मिश्रण दाताखाली बारीक वाळूसारखे करकरते, ओठांच्या कडांना डाग पाडते, आणि रुग्णाला ते घोट घोट गिळावे लागते किंवा नळीवाटे पोटात सोडावे लागते. विष पोटात गेल्यापासून तासाभरात ते दिले तर सर्वाधिक उपयोग होतो. पोटात गेलेल्या विषाच्या दहापट चारकोल असावा, असा ढोबळ हिशेब शिकवला जातो. इतके करूनही लोह, लिथियम आणि मद्य यांना चारकोल पुरेसे धरत नाही, आणि तीव्र आम्ल किंवा अल्कली पोटात गेले असेल तर तो देत नाहीत. थोडक्यात, चारकोल कोरा असावा लागतो, भरपूर असावा लागतो, त्याला वेळ मिळावा लागतो आणि समोरचा पदार्थ त्याला धरता येण्यासारखा असावा लागतो. या चारही अटी माझे विद्यार्थी परीक्षेत लिहितात. आपल्या ट्यूबमध्ये त्यांपैकी किती पाळल्या जातात, हे आपण स्वतःला विचारावे.

आधी प्रमाण पाहू. घटकांची यादी वाचायची एक सोपी रीत आहे. अनेक देशांच्या नियमांनुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, आणि त्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक, म्हणजे उत्पादनात जंतू वाढू न देणारे द्रव्य, आपल्यापैकी पुष्कळजण वापरता, आणि युरोपीय संघात त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे यादीत फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर जे काही येते, ते फार तर १ टक्का असते. पुढचे नाव चारकोलचे आहे, असे समजा. एका वेळी चेहऱ्याला लावण्याच्या २ ग्रॅम फेसवॉशमध्ये तो जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम भरेल. दवाखान्यातल्या ५० ग्रॅमच्या मात्रेचा हा अडीच हजारावा भाग झाला. चेहऱ्यावरचे तेल हे पोटात गेलेल्या विषाएवढे नसते, हे मला मान्य आहे, त्यामुळे हा हिशेब एकटा पुरेसा नाही. तरीही कपाळावर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला साधारण १०० ते २०० मायक्रोग्रॅम तेल असणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे, आणि संपूर्ण चेहऱ्यावरचे तेल धरायला या वीसेक मिलिग्रॅमची ताकद फारच तोकडी पडते.

वेळेचेही तसेच. पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात चारकोलच्या थरातून पाणी जाऊ देताना ते काही मिनिटे, पुष्कळदा दहा किंवा त्याहून अधिक मिनिटे, थराच्या संपर्कात राहील अशी रचना केलेली असते. फेसवॉश चेहऱ्यावर अर्धा मिनिट टिकला तरी पुष्कळ.

परंतु प्रमाण आणि वेळ या दोन्हींपेक्षा मोठी अडचण ट्यूबच्या आत आहे आणि तिच्याविषयी जाहिरातीत कधीच काही येत नाही. चारकोल निवड करत नाही. जे त्याच्याजवळ आहे आणि त्याच्या भिंतींना चिकटण्याजोगे आहे, त्याला तो धरतो. फेसवॉशमध्ये त्याच्याजवळ काय असते? फेस आणणारे सरफॅक्टंट असतात, आणि त्यांचे प्रमाण चारकोलच्या कितीतरी पट असते. सुगंधी द्रव्ये असतात, परिरक्षके असतात, कधी वनस्पतींचे अर्क असतात. सरफॅक्टंटचे रेणू कार्बनच्या पृष्ठभागावर चांगले चिकटतात, ही रसायनशास्त्रातली जुनी माहिती आहे. कारखान्यात मिश्रण ढवळल्यापासून ग्राहकाने झाकण उघडेपर्यंत आठवडे किंवा महिने जातात, आणि तेवढ्या काळात चारकोलच्या पोकळ्या या शेजाऱ्यांनी भरून जाण्याला पूर्ण वाव मिळतो. तेलात बुडवून ठेवलेल्या फडक्याने सांडलेले तेल टिपायला जावे, तशी त्या चारकोलची अवस्था होते. चेहऱ्यावर पोहोचताना त्याच्यात किती जागा शिल्लक असते, हा प्रश्न कोणत्याही जाणत्या सूत्रकाराला पडायला हवा, आणि पडतही असेल याची मला खात्री आहे. कारण चारकोल परिरक्षकांना धरून ठेवतो आणि त्यामुळे उत्पादनात जंतू वाढण्याचा धोका निर्माण होतो, हे सूत्रकारांना ठाऊक असते. म्हणूनच अशा उत्पादनांत परिरक्षक पुरेसे काम करते की नाही, याची मुद्दाम चाचणी घेतली जाते. म्हणजे चारकोल ट्यूबमध्येच कामाला लागतो हे प्रयोगशाळेत गृहीत धरले जाते. खोक्यावरच्या मजकुरात मात्र तो ग्राहकाच्या चेहऱ्यापर्यंत अगदी कोरा राहिला आहे, असे सांगितले जाते.

सॅलिसिलिक आम्लाचे उदाहरण तर मला सर्वांत अधिक खटकते. मुरमांसाठी उपयोगी पडणाऱ्या ज्या थोड्या घटकांना चांगला पुरावा आहे, त्यांत हे आम्ल आहे. ते तेलात विरघळते, रंध्रातल्या मृत पेशींचा चिकटपणा सैल करते आणि ०.५ ते २ टक्के प्रमाणात सर्रास वापरले जाते. आपल्यापैकी काहीजण चारकोल आणि सॅलिसिलिक आम्ल एकाच उत्पादनात घालून दोघांचाही फायदा मिळेल असे सांगता. आता आठवा, की ॲस्पिरिनच्या अतिसेवनात चारकोल दिला जातो तो याच कारणासाठी, की तो ॲस्पिरिन आणि त्यापासून होणारे सॅलिसिलेट यांना चांगला धरतो. जो पदार्थ पोटात या कुळातल्या औषधाला बांधून ठेवतो म्हणून आपण त्याच्यावर भरवसा ठेवतो, तोच ट्यूबमध्ये त्याला मोकळे सोडेल असे कोणत्या आधारावर समजायचे? चारकोल अगदी थोडा असेल तर तो आम्लाचा थोडाच भाग अडवेल, हेही खरे. पण मग इतका थोडा चारकोल त्वचेसाठी तरी काय करणार? दोन्हींपैकी कोणतीही बाजू घेतली, तरी खोक्यावरच्या दाव्याचा एक भाग डळमळतोच. मुरमांनी हैराण झालेली शाळकरी वयाची मुले-मुली अशी उत्पादने मोठ्या आशेने घेतात. त्यांना उपयोगी पडणारा घटक आपण त्यांच्या हातात देता आणि त्याच्याच शेजारी त्याला अडवू शकणारा घटक ठेवता, याचा विचार जाहिरात लिहिण्यापूर्वी व्हायला हवा.

मग चारकोलचा फेसवॉश वापरल्यावर चेहरा स्वच्छ वाटतो तो का? कारण त्यातले सरफॅक्टंट तेल काढतात. ते काळ्या फेसवॉशमध्ये काढतात तसेच पांढऱ्यातही काढतात. चारकोलचा मास्क वाळल्यावर त्वचा ताणलेली आणि कोरडी वाटते, कारण बहुतेक वेळा त्यात केओलिन किंवा बेंटोनाइट माती असते, ती वाळताना तेल आणि पाणी ओढून घेते. काम एका घटकाचे आणि नाव दुसऱ्याचे, असे होते. यात ग्राहकाचे नुकसान एवढेच नाही की त्याची समजूत चुकीची होते. कोरड्या किंवा नाजूक त्वचेची व्यक्ती चारकोल निसर्गातला म्हणजे सौम्य असणार, असे समजून तो निवडते आणि प्रत्यक्षात तिच्या चेहऱ्यावर पडतात ते भरपूर फेस आणणारे कडक सरफॅक्टंट. आठवडाभरात गाल खरखरीत होतात, तोंडाभोवती पापुद्रे सुटतात, आणि विषारी द्रव्ये बाहेर पडत असल्याचे हे लक्षण आहे असा सल्ला तिला कुणीतरी देते, म्हणून ती वापर थांबवण्याऐवजी वाढवते.

विषारी द्रव्यांच्या दाव्याबद्दल मला अधिक लिहायचे नाही. कोणते द्रव्य, त्वचेच्या कोणत्या थरात, किती प्रमाणात आणि चारकोल लावल्यावर किती कमी झाले, हे सांगता येत नसेल तर तो दावा छापू नये. शरीरातल्या टाकाऊ द्रव्यांचा निचरा यकृत आणि मूत्रपिंडे करतात. सीबम, म्हणजे त्वचेतून पाझरणारे तेल, हे विष नाही. ट्रायग्लिसराइड, मेणासारखे एस्टर, स्क्वालीन आणि मेदाम्ले यांचे ते मिश्रण आहे आणि त्वचा मऊ ठेवण्यात त्याचा वाटा आहे.

प्रदूषणाच्या दाव्याला मात्र आकड्यांनी उत्तर देता येते. चारकोलचा बहुतेक पृष्ठभाग ज्या सूक्ष्म पोकळ्यांत असतो, त्या २ नॅनोमीटरहून अरुंद असतात. हवेतले जे सूक्ष्म धूलिकण पीएम २.५ या नावाने मोजले जातात, त्यांच्या व्यासाची वरची मर्यादा २.५ मायक्रोमीटर, म्हणजे २५०० नॅनोमीटर आहे. त्या आकाराचा कण पोकळीच्या तोंडापेक्षा हजारपटीहून अधिक रुंद असतो. तो आत कसा जाणार? मुरमांशी संबंधित क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणूही अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाड असतो, शिवाय तो रंध्राच्या आत राहतो. सीबममधले ट्रायग्लिसराइडसारखे मोठे रेणूदेखील यांतल्या पुष्कळ पोकळ्यांत सहज शिरू शकत नाहीत. चारकोल लहान रेणूंना धरण्यात पटाईत आहे. चेहऱ्यावरची धूळ, जिवाणू आणि तेलाचा थर हे त्याचे क्षेत्रच नाही.

आता पील-ऑफ मास्कविषयी, कारण इथे प्रश्न दाव्याच्या खरेखोटेपणावर थांबत नाही. या मास्कमध्ये बहुधा पॉलिव्हिनिल अल्कोहोलसारखा चिकट थर बनवणारा पदार्थ असतो. वाळल्यावर तो ओढून काढला, की त्याच्या मागच्या बाजूला बारीक बारीक टोके दिसतात, आणि ती पाहून रंध्रांतली घाण निघाली असे वाटते. त्या टोकांपैकी पुष्कळशी तेल आणि मृत पेशींनी बनलेली, प्रत्येकाच्या नाकावर स्वाभाविकपणे असणारी तंतूसारखी भरण असते. ती काढली तरी काही आठवड्यांत पुन्हा भरते. उरलेली चेहऱ्यावरची कोवळी लव असते. ब्लॅकहेडचा काळा रंगही धुळीमुळे येत नाही. उघड्या रंध्राच्या तोंडाशी आलेले मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य आणि हवेशी संयोग झालेले तेल यांमुळे तो येतो. हे सर्व चिकटपणाचे काम आहे, चारकोलचे त्यात काही नाही. मास्कबरोबर त्वचेचा सर्वांत वरचा, जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा संरक्षक थरही काही ठिकाणी निघतो. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी असा मास्क काढल्यानंतर दुसऱ्या दिवशी आली, तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर मास्कच्या कडेबरहुकूम तांबडी रेघ उमटलेली होती, जणू कुणी पेन्सिलने आखून दिली असावी. तांबूसपणा काही दिवसांत गेला, पण त्या जागी राहिलेला तपकिरी डाग बरेच महिने पुसट होत राहिला. सावळ्या आणि गडद त्वचेत दाह झाल्यानंतर असे डाग राहण्याची प्रवृत्ती अधिक असते. मुरमांवर रेटिनॉइडची, म्हणजे व्हिटॅमिन ए-वर्गातल्या औषधांची, मलमे लावणाऱ्यांची त्वचा तर आधीच नाजूक झालेली असते. तरीही पुष्कळ मास्कवर याविषयी ठळक सूचना नसते. असलीच तर ती खोक्याच्या घडीत, भिंगाने वाचावी अशा अक्षरांत असते. चिकट थर जितका दुखवून निघेल तितकी सफाई अधिक झाली, असा समज आपल्या जाहिरातींतल्या दृश्यांनी पक्का केला आहे. तो मोडून काढण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

त्वचेच्या संदर्भात चारकोल निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणत नाही. दुर्गंधी येणाऱ्या जखमांवर ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या कापडाची मलमपट्टी वापरतात आणि ती वास कमी करते. जखमेतून उडणारे दुर्गंधीचे लहान रेणू चारकोलच्या पोकळ्यांत अडकतात. त्यांचा आकार, त्यांचा उडून जाण्याचा गुण आणि मिळणारा तासन्‌तासांचा वेळ, सगळेच इथे चारकोलला अनुकूल आहे. ज्या रुग्णाला आपल्याच जखमेच्या वासामुळे माणसांत बसण्याचा संकोच वाटतो, त्याच्यासाठी ही पट्टी किती मोलाची असते, हे ज्यांनी अशा रुग्णांची शुश्रूषा केली आहे त्यांना विचारावे. आणि हीच पट्टी जखमेच्या स्रावाने भिजली, की तिचा वास धरण्याचा गुण कमी होतो, असे ती वापरणाऱ्यांना शिकवले जाते. पट्टीच्या बाबतीत ही मर्यादा उघडपणे सांगितली जाते. मग जे चारकोल पहिल्या दिवसापासून पाण्यात, तेलात आणि साबणात बुडालेले आहे, त्याच्या बाबतीत ती का सांगितली जाऊ नये?

शुद्धतेबद्दलही दोन शब्द. औषधी चारकोलसाठी औषधकोशांत राख, जड धातू आणि अधिशोषणक्षमता यांच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात. जळणाच्या प्रक्रियेतून तयार होणाऱ्या कार्बनी पदार्थांत पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन राहू शकतात आणि त्यांतली काही कर्करोगाशी निगडित आहेत, म्हणून मालाचा स्रोत आणि चाचणी यांना महत्त्व आहे. आपण कोणत्या दर्जाची पूड घेता, हे ग्राहकाला कळायला हवे. शिवाय प्रत्येक काळा फेसवॉश चारकोलमुळेच काळा असतो असेही नाही. यादीच्या शेवटी सी.आय. ७७२६६ (सी.आय. म्हणजे रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीतला क्रमांक) लिहिलेले असेल तर तो कार्बन ब्लॅक हा रंग असतो आणि सी.आय. ७७४९९ असेल तर काळे लोह ऑक्साइड. मूठभर रंग आणि चिमूटभर चारकोल घालून सगळ्या काळेपणाचे श्रेय चारकोलला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

आता मी नेमके काय मागते आहे ते सांगते. चारकोलच्या जाहिरातींत एक प्रात्यक्षिक वारंवार दिसते: रंगीत पाण्यात काळी पूड टाकतात आणि पाणी नितळ होते. प्रयोग खरा आहे, मी तो वर्गात करून दाखवते. मिथिलीन ब्लूच्या द्रावणात चारकोल टाकून हलवले आणि गाळले, की निळा रंग नाहीसा होतो. आपण तोच प्रयोग कोऱ्या पुडीऐवजी आपल्या ट्यूबमधल्या तयार फेसवॉशने करा. शेजारी तोच फेसवॉश चारकोलविना घ्या, कारण इतर घटकांचाही रंगावर परिणाम होऊ शकतो. एक जोडी उत्पादन भरले त्याच दिवशी तपासा, दुसरी सहा महिने ठेवून तपासा. उपकरणे आपल्याकडे आहेतच. चारकोलची क्षमता मोजणारा आयोडीन अंक आपण पूड विकत घेताना पाहताच. पुडीचा अंक खरेदीच्या वेळी पाहणे आणि पुढे तिचे काय होते ते न पाहणे, हे अर्धवट काम झाले.

त्यापुढची पायरी माणसांवरच्या चाचणीची आहे आणि तीही अवघड नाही. अर्ध्या चेहऱ्यावर चारकोलचे उत्पादन आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच सूत्र, फक्त चारकोल वगळून, अशी तुलना त्वचाशास्त्रात नेहमीची आहे. काळ्या रंगामुळे कोणते कोणते आहे हे ओळखू येईल, अशी अडचण सांगितली जाईल, तर तिला उपाय आहे: दुसऱ्या सूत्रात काळे लोह ऑक्साइड घाला. ते रंग देते, पण त्याच्यात चारकोलसारख्या पोकळ्या नसतात. मग तेलाचे प्रमाण, मुरमांची संख्या आणि त्वचेतून उडून जाणारे पाणी मोजा. आजवर चारकोल नसलेल्या फेसवॉशशी अशी काटेकोर तुलना करून त्वचेच्या फायद्याचा भक्कम पुरावा मांडलेला माझ्या वाचनात नाही. दातांच्या बाबतीत २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात चारकोलच्या दंतमंजनांचा आढावा प्रसिद्ध झाला, आणि त्यातही सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध करण्याइतका पुरावा आढळला नाही. दंतमंजनांच्या उत्पादकांनी त्या वेळी जे करायला हवे होते, ते आपण आपल्या क्षेत्रात आधीच करू शकता.

या मागणीत नियमबाह्य असे काहीही नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये सौंदर्यप्रसाधनांच्या दाव्यांसाठी जे समान निकष ठरवले, त्यांत दावा खरा असावा, त्याला पुरावा असावा आणि ग्राहकाला समजून-उमजून निवड करता यावी, हे स्पष्ट म्हटले आहे. एखाद्या घटकाचा गुण सांगताना तो गुण तयार उत्पादनातही असल्याचे सूचित होत असेल आणि प्रत्यक्षात तो नसेल, तर तसे सूचित करू नये, हेही त्यांत येते. माझ्या पत्राचा सारा रोख याच एका ओळीवर आहे.

लोकांना काळा रंग आवडतो, काळा फेस गंमतीचा वाटतो, आणि मागणी आहे म्हणून आम्ही पुरवठा करतो, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. चेहरा धुण्यासारख्या रोजच्या कामात रंगाचा, स्पर्शाचा आनंद असायला हरकत कसली? तसे असेल तर तसेच लिहा: रंगासाठी आणि हलक्या घर्षणासाठी चारकोल वापरला आहे. स्क्रबमधल्या प्लास्टिकच्या मण्यांपेक्षा कोळशाची बारीक पूड मला केव्हाही बरी वाटते. हेही आपण मोकळेपणाने सांगू शकता, फक्त तिचे कण डोळ्यांत जाणार नाहीत आणि त्वचा ओरबाडणार नाहीत एवढे बारीक ठेवा.

लहान उत्पादकांवर मोठ्या चाचण्यांचा खर्च लादावा, असेही मला सुचवायचे नाही. ज्यांना चाचणी परवडत नाही त्यांनी दावा सौम्य करावा. त्याला काहीच खर्च येत नाही. चारकोलचे प्रमाण टक्क्यांत छापावे. सॅलिसिलिक आम्लाबरोबर तो घातला असेल, तर तयार उत्पादनात मोकळे आम्ल किती उरते ते मोजून लिहावे. पील-ऑफ मास्कच्या पुढच्याच बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे की रेटिनॉइड वापरणाऱ्यांनी, एक्झिमा असणाऱ्यांनी आणि त्वचा सोललेली असणाऱ्यांनी तो लावू नये, आणि दुखत असेल तर तो ओढू नये, कोमट पाण्याने भिजवून काढावा.

मिथिलीन ब्लूच्या प्रयोगाची कृती, द्रावणाची तीव्रता आणि गाळण्याची पद्धत मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवली आहे, आणि जो कोणी मागेल त्याला ती विनामूल्य देईन. आपल्यापैकी एका जरी उत्पादकाने आपल्या तयार उत्पादनाचे आकडे प्रसिद्ध केले, तर ते अनुकूल असोत वा प्रतिकूल, मी ते उत्पादकाच्या नावासह पुढच्या तुकडीला शिकवीन.

आपली विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राची एक अध्यापिका